टेपवरचं लग्न, डिस्कमधली कानबाई

वाचकांचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून जुन्या डिजिटल शूटिंगबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. घरोघरी इंटरनेट पोचण्याआधी गावोगावच्या शूटिंगवाल्यांनी आणि मिक्सिंगवाल्यांनी (म्हणजे शूटिंग कापून-जोडून तयार करणाऱ्यांनी) जे काम केलं, त्यातलं बरंचसं, मग ते लग्न असो की खानदेशातल्या कानबाई या देवीची गाणी, कुठेच चढवलं गेलं नाही. ते टेपवर आणि सीडीवर राहिलं. टेप वाचणारी यंत्रं आता नवी बनत नाहीत, म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

वडिलांचा फोटो स्टुडिओ बंद केला तेव्हा चाळीस मिनी डीव्ही कॅसेटी आणि एक चालू कॅमेरा घरी आला. नव्या लॅपटॉपला कॅमेऱ्याची वायर लागतच नाही. एक जण म्हणतो, टीव्हीवर लावून मोबाइलने शूट करून घ्या. काय करावं? (अमळनेर)

मोबाइलने मुळीच शूट करू नका. मिनी डीव्हीच्या टेपवर चित्र आकड्यांच्या रूपात लिहिलेलं असतं. योग्य वायरने ते उतरवलं तर कॉम्प्युटरवर येणारी फाइल आणि टेप यांत तसूभरही फरक नसतो. टीव्हीसमोर मोबाइल धरला की चित्र खराब होतं, आवाजात घरातला पंखा येतो आणि टेपवर लपलेली शूटिंगची तारीख-वेळ त्या प्रतीत उतरत नाही. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर आणि यूएसबीचं स्वस्त कॅप्चर यंत्र हा मार्ग मोबाइलपेक्षा बरा, पण त्यातही आकड्यांचं आधी ॲनालॉग होतं आणि मग पुन्हा आकडे होतात. कॅमेरा चालू असताना तो वापरायचं कारण नाही.

तुम्हाला लागेल ते फायरवायर, म्हणजे टेपवरचे आकडे जसेच्या तसे कॉम्प्युटरवर नेणारी जुनी जोडणी. कॅमेऱ्यावर त्याच्या शेजारी 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' लिहिलेलं असतं आणि तिथे चार पिनांचं छोटं तोंड असतं. कॅमेऱ्याचं यूएसबी तोंड बहुतेक मॉडेलांत फोटोंसाठी दिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. बाजारात एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी साधी वायरही मिळते. तिच्यात कुठलीही चिप नसते, त्यामुळे ती चालत नाही. अनेकांचे पैसे तिथेच बुडतात. खरा उपाय म्हणजे एखादा जुना डेस्कटॉप घ्यायचा, त्यात आतल्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणारं फायरवायर कार्ड बसवायचं (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं मिळालं तर उत्तम) आणि चार पिन ते सहा पिन अशी वायर घ्यायची. विंडोज 7 वर हे सगळं विनातक्रार चालतं. विंडोज 10 वर कधी कधी जुना 'लेगसी' ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. लिनक्स येत असेल तर डीव्हीग्रॅब हा प्रोग्राम हेच काम करतो.

वायर जोडताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या तोंडातून वीज येते. ते उलटं दाबून बसवलं किंवा चालू असताना खुपसलं तर पोर्ट जळू शकतो, आणि जळलेला पोर्ट दुरुस्त करून देणारा आता सहजी सापडत नाही. कॅमेरा बॅटरीवर नको, ॲडॅप्टरवर चालवा. स्विच 'व्हीसीआर' किंवा 'प्ले' या खुणेवर ठेवा. प्रत्येक कॅसेटच्या कडेला एक छोटी सरकपट्टी असते, ती आधी 'सेव्ह'कडे सरकवा, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी वडिलांचं काम पुसलं जाणार नाही. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा आणि पूर्ण मागे आणा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचा ताण असा सारखा होतो.

कॅप्चरसाठी विनडीव्ही हा छोटा, फुकट प्रोग्राम पुरतो. त्यात फाइलचा प्रकार 'टाइप 2' निवडा, कारण बरेच जुने एडिटिंग प्रोग्राम तोच वाचतात. 'डिसकंटिन्युइटी'ची (शूटिंगच्या वेळेत पडलेल्या खंडाची) मर्यादा 1 सेकंद ठेवा. मग जिथे जिथे शूटिंग थांबवून पुन्हा सुरू केलं होतं तिथे प्रोग्राम आपोआप नवी फाइल पाडतो आणि तिला शूटिंगची तारीख-वेळ देतो. तारीख विचित्र आली तर कॅमेऱ्याच्या आतली घड्याळाची बॅटरी त्या काळीच उतरलेली होती असं समजा. वहीतली नोंद किंवा लग्नपत्रिका पाहून फाइलचं नाव बदला.

आता हिशेब. डीव्ही सेकंदाला साधारण 3.6 एमबी घेतं, म्हणजे तासाला 13 जीबी. चाळीस कॅसेटी प्रत्येकी तासाच्या धरल्या तर 520 जीबी. 1 टीबीची एक डिस्क आणि तिची प्रत ठेवायला तेवढीच दुसरी, अशा दोन घ्या. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. एफएटी-32 वर एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे विसाव्या मिनिटाच्या आतच कॅप्चर अडकतं. एक तासाची टेप उतरायला एक तासच लागतो, ती लवकर उरकता येत नाही. खाली 'ड्रॉप्ड' म्हणजे गळालेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, तो शेवटपर्यंत शून्य राहिला पाहिजे. वाढायला लागला तर बहुधा डिस्क मागे पडते आहे. अँटिव्हायरस थांबवा, बाहेरच्या डिस्कऐवजी आतल्या डिस्कवर लिहा आणि तेवढा भाग पुन्हा घ्या.

दोन गोष्टी अडवतील. काही कॅसेटी 'एलपी'मध्ये भरलेल्या असतील, म्हणजे 60 मिनिटांच्या टेपवर 90 मिनिटं. त्यात टेपवरचा एकेक माग (ट्रॅक) 10 मायक्रॉनऐवजी 6.7 मायक्रॉनचा होतो आणि ज्या कॅमेऱ्याने भरलं तोच तो नीट वाचतो. म्हणून वडिलांचा कॅमेरा भंगारात घालू नका. दुसरी गोष्ट आवाजाची. अनेक हँडीकॅम दुकानातून यायचे तेव्हाच 12 बिटवर लावलेले असायचे, त्यात आवाज 32 किलोहर्ट्झचा, तर 16 बिटमध्ये तो 48 किलोहर्ट्झचा. एकाच टेपवर दोन्ही प्रकार असतील आणि ते एकाच फाइलमध्ये उतरवले, तर पुढच्या भागात मंगलाष्टकं चिरक्या किंवा जाड आवाजात येतात. वेगळ्या फाइली पाडल्या की हा घोळ होत नाही.

कॅसेट लावली की चित्रावर आडव्या पट्ट्या आणि चौकोन दिसतात, आवाज तुटतो. टेप गेली का? (चोपडा)

एवढ्यावरून टेप गेली असं म्हणता येत नाही. चित्र थांबवून पट्ट्या मोजा. आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीत डीव्हीची एक फ्रेम टेपवर 12 तिरक्या मागांत लिहिली जाते आणि एकेक माग चित्राची 48 ओळींची एकेक पट्टी असतो. कॅमेऱ्यात टेप ज्या फिरत्या ड्रमवरून जाते त्याच्यावर टेप वाचणारे दोन हेड असतात, ते आळीपाळीने माग वाचतात. एक पट्टी स्वच्छ, दुसरी चौकोनांची, तिसरी स्वच्छ अशा सहा पट्ट्या बिघडलेल्या दिसल्या तर टेप चांगली आहे, एक हेड मळलेलं आहे. बिघाड कधी इथे, कधी तिथे असा फिरत राहिला तर टेपवर ओरखडे, बुरशी किंवा घडी असण्याची शक्यता जास्त.

हेड साफ करायला कोरडी क्लीनिंग कॅसेट वापरा, एका वेळी 10 सेकंद. ती पॉलिशपेपरसारखी घासते, म्हणून दोनदा करूनही फरक पडला नाही तर तिथेच थांबा. ती संपेपर्यंत पुढेच जाऊ द्या आणि मग टाकून द्या. मागे फिरवून पुन्हा वापरली तर काढलेली घाण परत हेडवर बसते. कापसाचा बोळा आत घालू नका, त्याचा धागा हेडच्या टोकात अडकतो.

आपल्या हवेचंही सांगायला हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या घराचा माळा त्याहून तापतो. बहुतेक हँडीकॅम 40 अंशांपर्यंत चालवण्यासाठी बनवलेले असतात. उतरवण्याचं काम हिवाळ्यात करा, उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे करा. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणला की ड्रमवर दव धरतं आणि ओली टेप ड्रमला चिकटते. अशा वेळी कॅमेऱ्यावर दवाची खूण दिसो न दिसो, कॅसेटचा दरवाजा उघडा ठेवून तासभर थांबा. कॅसेटी मागे फिरवून, डबीत घालून, उभ्या ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला.

2003 सालच्या लग्नाची व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) आहे, टेप नाही. कॉम्प्युटरवर कॉपी करायला घेतली की अर्ध्यावर अडकते. आणि टीव्हीवर वरातीतल्या नाचाचे नुसते चौकोन दिसतात, ते दुरुस्त होतील का? (साक्री)

कॉपी अडकण्याचं कारण व्हीसीडीच्या रचनेत आहे. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरसोबत (माहितीच्या छोट्या तुकड्यासोबत) चूक दुरुस्त करणारा जादा मजकूर असतो. व्हीसीडीने ती जागा चित्राला देऊन टाकली. म्हणूनच 700 एमबीच्या डिस्कवर 80 मिनिटांचा, म्हणजे जवळपास 800 एमबीचा व्हिडिओ मावतो. याची किंमत अशी, की एक ओरखडा आला की विंडोजची कॉपी तिथे हात टेकते. प्लेअर मात्र तेवढा भाग गाळून पुढे जातो. तेव्हा आयसोबस्टरसारखा प्रोग्राम घ्या, ट्रॅक काढायला सांगा आणि वाचता न येणारे सेक्टर रिकामे सोडून पुढे जाण्याचा पर्याय द्या. लग्नातली दोन सेकंदं जातील, बाकीचं हाती येईल. वेग कमी ठेवा. एका ड्राइव्हला जमलं नाही तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून पाहा, हा फरक आश्चर्य वाटावं इतका मोठा असतो.

डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. आणि छापील बाजू जपा. सीडीत चकाकणारा थर त्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथला ओरखडा थेट माहिती खरवडतो, खालच्या बाजूचा ओरखडा बरेचदा नुसता प्लास्टिकवर असतो. वधू-वरांच्या फोटोचं स्टिकर डिस्कवर चिकटवलेलं असेल तर ते सोलू नका, सोबत थरही निघून येतो.

'एमपीईजीएव्ही' या फोल्डरमधली डॅट फाइल म्हणजे एमपीईजी-1 व्हिडिओच आहे, व्हीएलसी ती तशीच चालवतो. चौकोनांचं मात्र काही होणार नाही. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 चं आणि चित्रासाठी सेकंदाला फक्त 1150 किलोबिट. स्टेजवर मंडळी उभी असतात तेव्हा ते पुरतं. वरातीत शंभर माणसं नाचतात, टिकल्यांच्या साड्या चमकतात, गुलाल उडतो, हॅलोजनचा झोत फिरतो, म्हणजे प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमहून वेगळी असते. तेवढा बदल 1150 किलोबिटमध्ये लिहिता येत नाही, म्हणून यंत्र बारकावे टाकून चौकोन ठेवतं. टाकलेलं परत आणता येत नाही. शूटिंगवाल्याकडे मूळ टेप असेल का याची चौकशी आधी करा. टेपवर तोच नाच सेकंदाला 25 मेगाबिटने भरलेला आहे, म्हणजे वीसपटीहून अधिक माहिती.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी विचारते. इंटरनेट नव्हतं तेव्हा अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ अल्बम नेमके कसे तयार व्हायचे? (भुसावळ)

सुरुवात डिजिटलच्या आधीपासून करावी लागेल. खानदेशाला लागून असलेल्या मालेगावात हौशी मंडळींनी व्हीएचएस कॅमेऱ्यावर सिनेमे केले आणि दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून ते जुळवले. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच तुकडा भरायचा. यात दर कॉपीला चित्र एक पायरी खाली उतरतं. 1995 मध्ये डीव्ही आलं आणि ही उतरंड थांबली, कारण आकड्यांची प्रत मूळ आकड्यांसारखीच असते. विंडोजचा साधा कॉम्प्युटर, फायरवायर कार्ड आणि युलीड, पिनॅकल किंवा प्रीमियर यांपैकी एखादा प्रोग्राम एवढ्यावर मिक्सिंगचं दुकान उभं राहू लागलं.

गाणं आधी रेकॉर्ड व्हायचं. शूटिंगच्या जागी, मग ती केळीची बाग असो की तापीचा काठ, ते मोठ्याने वाजवून कलाकार त्यावर ओठ हलवत. पहिली चूक इथेच व्हायची. गाणं कॅसेटवर वाजवलं आणि डेकची बॅटरी उतरत गेली, की डेक हळू चालतो. चार मिनिटांच्या गाण्यात एक टक्का फरक म्हणजे शेवटी 2.4 सेकंद, कडवं संपलं तरी ओठ चालूच. म्हणून जाणते लोक सीडी प्लेअर आणत. टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवली की एडिटिंगमध्ये टाळीचा आवाज आणि हात मिळण्याची फ्रेम जुळवून घेता येत असे.

रात्रीच्या शूटिंगला जनरेटर. आपल्या विजेची कंप्रता 50 हर्ट्झ, म्हणून शटर 1/50 ठेवलं की ट्यूबलाइट स्थिर दिसते. जनरेटरवर भार वाढला की कंप्रता खाली येते आणि चित्रात प्रकाश धडधडताना दिसतो. हॅलोजनला ही अडचण फारशी जाणवत नाही, तार तापलेली राहते. पण हॅलोजन पिवळा आणि ट्यूब निळसर, दोन्ही एकत्र लावले की व्हाइट बॅलन्स (कोणत्या उजेडातलं पांढरं खरं धरायचं ते सेटिंग) कशाचा धरायचा हा प्रश्न उरतो. ट्यूब बंद करणं हाच त्यावरचा इलाज होता.

मग कॅप्चर. त्या काळची 40 जीबीची डिस्क म्हणजे तीनच तासांचं डीव्ही, त्यातही विंडोजला जागा द्यायची. म्हणून एक अल्बम पूर्ण करायचा, त्याची डीव्ही टेपवर प्रत काढायची, डिस्क रिकामी करायची आणि पुढचं काम घ्यायचं, असा क्रम होता. नुसता कट असेल तिथे डीव्ही जसंच्या तसं राहतं. डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणं), फिरती चौकट, पानं गळताना दाखवणारा इफेक्ट घातला की तेवढा भाग रेंडर करावा लागतो, म्हणजे कॉम्प्युटरला तो नव्याने बनवावा लागतो. त्या काळी इफेक्टची हौस फार होती आणि भारनियमनही तासन्‌तास. रेंडर अर्ध्यावर असताना वीज गेली की फाइल अपुरी राहून उघडतच नसे. शहाणे मिक्सिंगवाले पूर्ण अल्बमचं एकदम रेंडर लावत नसत, प्रत्येक गाणं वेगळं काढत. लहान यूपीएस हा काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरताच असतो, रेंडर पुरं करायला नसतो.

अक्षरांकडे मात्र तुम्ही प्रकल्पात खास लक्ष द्या, कारण इथे आपल्या भाषेची गोष्ट आहे. त्या प्रोग्रामांना युनिकोड देवनागरी नीट येत नसे, म्हणून 'श्रीलिपी' किंवा 'आकृती' या सॉफ्टवेअरचे फाँट वापरत. त्यात मराठी अक्षर हे आतून इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. आज तशी जुनी प्रोजेक्ट फाइल फाँटशिवाय उघडली तर गायकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाँट मिळवून टाकला की नाव परत दिसतं. शिरोरेघ एका ओळीइतकी बारीक असली की ती टीव्हीवर थरथरते, कारण टीव्ही प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन 'फील्ड'मध्ये दाखवतो, ती ओळ एका फील्डमध्ये असते आणि दुसऱ्यात नसते. शिवाय व्हीसीडीला 576 ओळींच्या 288 होतात. डीव्हीत 24 ओळी उंचीचं अक्षर तिथे 12 ओळींचं उरतं, वेलांटी-मात्रा एकमेकींत मिसळतात आणि 'किरण'चा 'करण' होतो. म्हणून जाड अक्षर, गडद कड आणि कडांपासून दहा टक्के आत, कारण जुने टीव्ही चित्राच्या कडा कापत.

शेवटी एमपीईजी-1 करायचं. बारकाईची सेटिंग ठेवली तर तासाभराच्या गाण्यांना मशीन रात्रभर लागलेलं असायचं. सात सीडी रायटर एकावर एक बसवलेला टॉवर असेल तर 16 एक्स (सोळापट) वेगाने 80 मिनिटांची डिस्क पाच मिनिटांत 'जळते', म्हणजे लिहून होते, बदलाबदल धरून सात. शंभर प्रतींना पंधरा फेऱ्या, म्हणजे पावणेदोन तास. त्याहून वेगात जाळलेल्या डिस्क काही स्वस्त प्लेअरमध्ये अडकत. तिथून माल आठवडे बाजारात, एसटी स्टँडच्या दुकानांत आणि यात्रेत जायचा. अल्बमच्या मागच्या बाजूला छापलेली नावं, भाषा, गाव हे सगळं उतरवून ठेवा. व्हीसीडीच्या फाइलमध्ये गाण्याचं नावसुद्धा लिहिलेलं नसतं, कव्हर हरवलं की गाणं निनावी होतं.

सारंगखेड्याच्या यात्रेतलं घोड्यांचं जुनं शूटिंग मी कॉम्प्युटरवर घेतलं. घोडा चालला की त्याच्या पायांवर कंगव्यासारखे दाते दिसतात. (शहादा)

हा बिघाड नव्हे. डीव्हीत प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते. एकाआड एक ओळी एका क्षणाच्या आणि उरलेल्या ओळी 1/50 सेकंदानंतरच्या. तेवढ्या वेळात घोड्याचा पाय पुढे गेलेला असतो. जुना टीव्ही दोन्ही फील्ड एकामागोमाग दाखवायचा, कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून दाते.

मूळ फाइलला हात लावू नका. पाहण्यासाठी किंवा पाठवण्यासाठी वेगळी प्रत करा. हँडब्रेक या प्रोग्राममध्ये डीइंटरलेसला (दाते घालवणाऱ्या सेटिंगला) बीडब्ल्यूडीआयएफ किंवा याडिफ निवडून 'बॉब' ठेवा, मग 25 ऐवजी सेकंदाला 50 चित्रं मिळतात आणि घोड्याची चाल टीव्हीवर दिसायची तशी सलग येते. गुणवत्तेचा आकडा 18 च्या आसपास. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. प्रोग्रामने वरचं आधी धरलं तर घोडा दोन पावलं पुढे, एक मागे अशा झटक्यांनी चालतो. तसं दिसलं की फील्डचा क्रम उलटा करा. 720 बाय 576 ची फाइल 4:3 मध्येच दिसली पाहिजे, म्हणजे 768 बाय 576. पडदा भरावा म्हणून ती 16:9 ला ताणली की उमदा घोडा बुटका आणि लांबट होतो.

जुन्या मोबाइलच्या मेमरी कार्डावर काठी गावच्या होळीचे 3जीपी व्हिडिओ आहेत. मोठे, स्पष्ट करता येतील का? आणि सगळं उतरवून झाल्यावर टेपा फेकल्या तर चालतील? (नंदुरबार)

3जीपी बहुतेक 176 बाय 144 ची असते आणि आवाज 8 किलोहर्ट्झवर, म्हणजे टेलिफोनइतका. मोठं करून चेहरे ओळखू येणार नाहीत. हल्लीचे प्रोग्राम स्पष्ट करून देतात तेव्हा ते नसलेले बारकावे स्वतःच्या अंदाजाने भरतात, नाचणाऱ्याच्या डोक्यावरचा मोरपिसांचा टोप ते भलताच काढतील. फाइल आहे तशी, नाव-तारखेसह ठेवा. कार्ड मात्र आजच कॉपी करा, जुनी कार्डं सूचना न देता बंद पडतात.

टेपा फेकू नका. दोन डिस्कवर दोन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावात नातेवाइकाकडे, वर्षातून एकदा दोन्ही लावून चार-पाच फाइली उघडून पाहायच्या, आणि टेप कपाटात. चाळीस कॅसेटी बुटांच्या दोन खोक्यांत मावतात.